कोरडवाहू रानातली पाथरी: वाफ्यात आणि कुंडीत कशी वाढवावी

बेळगाव जिल्ह्यात अथणी, कागवाड, रायबागपासून चिकोडी-निपाणीपर्यंतच्या काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, गुडघ्याला लागला, की भांगलायला, म्हणजे तण काढायला, गेलेल्या बायकांच्या ओच्यातून पाथरी ही रानभाजी घरी येते. धुवायची, पाणी झटकायचं आणि कच्चीच ताटात घ्यायची. सोबत भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, वरून तेलाची धार. बाजारात कन्नड बोलणाऱ्या बायका हीच पेंडी हत्तरकी किंवा हक्करकी म्हणून विकतात.

आता मात्र पाथरी शोधावी लागते. शाळवाची बरीच रानं उसाखाली गेली आणि जी उरली तिथे भांगलणीच्या जागी तणनाशकाचा पंप आला. कच्ची खायची भाजी फवारलेल्या रानातून आणणं शहाणपणाचं नाही. म्हणून ती घरच्या वाफ्यात, परसात किंवा गच्चीवरच्या कुंडीत घ्यावी. अवघड काहीच नाही, पण मेथी-पालकाची सवय बाजूला ठेवावी लागते. पाथरी ही कोरड्या मुलखातली वनस्पती आहे. राजस्थान, सिंध, बलुचिस्तानपासून अरबस्तानापर्यंतच्या वाळूत आणि खडकाळ जमिनीत ती आपसूक उगवते. तिला जास्त खत, जास्त पाणी आणि सावली ही तिन्ही सुखं मानवत नाहीत. घरी लावलेली पाथरी बिघडते ती बहुतेक वेळा लाडानेच.

ओळख पक्की करा, मग बी गोळा करा

शास्त्रीय नाव लाउनिया प्रोकंबेन्स. सूर्यफुलाच्या कुळातली, पण त्यातही लेट्यूस, चिकोरी आणि युरोपातलं डँडेलियन यांच्या शाखेतली. या शाखेच्या दोन खुणा लक्षात ठेवल्या की निम्मं काम होतं. पान किंवा दांडा मोडला की पांढरा चीक येतो, आणि फुलात नुसत्या पट्टीसारख्या पिवळ्या पाकळ्या असतात, मधे वेगळी चकती नसते.

पाथरीची पानं जमिनीलगत गोल पसरतात. लांबी चार बोटांपासून वीतभर. कडा खोलगट कापलेल्या, टोकाकडचा भाग जरा रुंद आणि गोलसर. पान हातात घेऊन कडेवरून टोकाकडून देठाकडे बोट उलटं फिरवा. पांढरे, कडक, अगदी बारीक दाते बोटाला लागतात. ते उन्हात धरले तर कडेला पांढरे ठिपके ओवल्यासारखे दिसतात. ही खूण सगळ्यात भरवशाची. मधली शीर मोडली की चिकाचा थेंब येतो, आणि बोटावर राहिला की थोड्या वेळात तपकिरी आणि चिकट होतो. फुलाचे दांडे बुडातून फुटून आडवे पसरतात आणि त्यांच्यावर पानं नावालाच असतात. फूल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, सकाळी उघडतं आणि ऊन तापलं की मिटतं. फुलाखालच्या हिरव्या खवल्यांना पातळ पांढरी किनार असते.

गल्लत तीन ठिकाणी होते. पाटाच्या कडेला, ओलीत रानात उभी वाढते ती सोन्कस: पोकळ दांडा, आणि पान दांड्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतं. तीही चिकाची आणि कोवळी असताना खाण्याजोगी, त्यामुळे ही चूक अंगाशी येत नाही. दुसरी एकदांडी, म्हणजे दगडी पाला. तिची पानं खरबरीत आणि केसाळ, फुलाला मधे पिवळी चकती आणि कडेला मोजक्या पांढरट पाकळ्या. चीक नाही. तिसरी गल्लत वाईट. गाजर गवताचं, म्हणजे काँग्रेसचं, कोवळं रोपही जमिनीला चिकटून गोलच पसरतं. पण त्याची पानं गाजराच्या पानासारखी पुन्हा पुन्हा चिरलेली, करडी, लवदार असतात आणि मोडल्यावर दूध निघत नाही. चीक नाही तर पेंडीत घ्यायचं नाही, हा नियम मुलांनाही शिकवून ठेवा.

ज्यांना काँग्रेसमुळे अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, त्यांनी पाथरीचीही आधी परीक्षा घ्यावी. एकाच कुळातल्या झाडांची अॅलर्जी एकमेकींशी जुळू शकते. भांगलताना हातमोजे घालावेत, आणि पहिल्यांदा एखादंच पान खाऊन एक दिवस थांबावं.

इथेच एक आडवी गोष्ट. पाथरी कोरड्या मुलखातली आणि डँडेलियनच्या शाखेतली, म्हणून कोणी इंटरनेटवर वाळवंटातलं डँडेलियन असं शोधलं की अमेरिकेतल्या मोहावी आणि सोनोरन वाळवंटातली मॅलाकोथ्रिक्स ग्लाब्राटा समोर येते. फिकट पिवळी, मोठी फुलं, कळी उमलताना मधोमध लालसर बुंद. दिसायला पाथरीपेक्षा देखणी आहे यात शंका नाही. ती हिवाळी पावसावर उगवून उन्हाळ्याआधी बी टाकून मरणारी वर्षायू वनस्पती आहे. पण तिचं बी पाकिटातून मागवण्याच्या फंदात पडू नका. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशी बियाण्याला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते त्या पाकिटासोबत येत नाही. आणि वाऱ्यावर उडणारं परदेशी बी मोकळ्या रानात सुटलं तर काय होतं, ते काँग्रेसने आपल्या प्रत्येक बांधावर दाखवून ठेवलेलं आहे. तिच्याकडून घेण्यासारखं एकच: रेताड जमीन, थंडीतली उगवण, अर्धपोटी वाढ. ती रीत पाथरीला जशीच्या तशी लागू पडते.

बी

पाथरीचं बी दुकानात सहसा मिळत नाही, ते रानातूनच धरावं लागतं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दांडे फुलतात. फूल मिटलं की बोंड पुन्हा बंद होतं, आतलं बी दहा-पंधरा दिवसांत भरतं. बोंडाच्या टोकाला पांढरा कापूस डोकवायला लागला की उद्या-परवा ते उकलणार असं समजा. तोच दिवस गाठायचा. एकदा म्हाताऱ्या उडायला लागल्या की हातात काही येत नाही.

सकाळी दव वाळल्यावर आणि वारा सुटण्याआधी जा. टोकाला पांढरं दिसणारी बोंडं देठासकट खुडून कागदी पिशवीत टाका. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि बी काळं पडतं. ज्या जागेवरून बी घ्याल तिथली निम्मी बोंडं तशीच ठेवा. पिशवी तोंड बांधून सावलीत चार-पाच दिवस टांगली की बोंडं आपोआप उकलतात. मग पिशवीतच मूठभर कोरडी बारीक वाळू टाकून दोन्ही तळव्यांत हलकं चोळा. कापूस बियांपासून सुटतो. परातीत ओतून हळूच फुंकर घातली की कापूस जातो, वाळू आणि बी राहतं. ते वेगळं करायची गरज नाही, पेरताना वाळू लागतेच.

सगळंच बी भरलेलं नसतं. पंधरा-वीस दाणे नखावर ठेवून दाबा. आत पांढरा गर लागला तर दाणा भरीव, नुसतं टरफल चपटं झालं तर पोकळ. निम्म्याहून जास्त पोकळ निघाले तर बी दुप्पट घ्या. बाटलीत भरून कोरड्या, थंड जागी ठेवा आणि येणाऱ्या हंगामातच वापरा. बारीक, कापूसवालं बी वर्षावर टिकवण्याच्या भानगडीत पडू नये.

बी नसेल तर मुळांवर काम भागतं. भांगलताना खुरप्याने मूळ तुटलं की राहिलेल्या तुकड्यातून पाथरी पुन्हा फुटते, म्हणूनच ती शेतकऱ्याला नकोशी होते. हाच गुण आपल्या कामाचा. पावसाळा संपल्यावर ओल असताना जाडसर बुडखा कुदळीने खोल खणून काढा. पेन्सिलीएवढ्या जाडीचं मूळ निवडून पाच-सहा सेंटिमीटरचे तुकडे करा. वरचं टोक सरळ आणि खालचं तिरकं कापा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. अर्धा दिवस सावलीत ठेवून काप वाळू द्या, मग सरळ टोक वर ठेवून मातीखाली बोटभर जाईल असं लावा. साधारण दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. मुळावरची पाथरी बियांवरच्यापेक्षा आधी ताटात येते, पण दर वर्षी मुळं उपटून रान रिकामं करू नका. एकदा दहा-बारा तुकडे लावले की घरचं बी घरीच तयार होतं.

माती जिल्ह्यात तीन तऱ्हेची, त्यामुळे तयारीही तीन तऱ्हेची

पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत पाथरीला अन्नाची अडचण नाही, अडचण आहे पापडीची. बारीक बी, त्यावर पाणी, त्यावर दुपारचं ऊन, की वर कडक खपली धरते आणि मोहरीपेक्षा बारीक कोंबाला ती फोडता येत नाही. लोक म्हणतात बी उगवलं नाही. खरं तर ते उगवून खाली गुदमरलेलं असतं. म्हणून काळ्या मातीच्या वाफ्यावर वरचा बोटभर थर चाळलेलं शेणखत आणि जाड वाळू समसमान मिसळून अंथरावा. मुरूम हाताशी असेल तर खालच्या वीतभर मातीत तीन घमेल्यांना एक घमेलं मुरूम कालवा. नुसती थोडीशी वाळू टाकून काळी माती मोकळी होत नाही, ती घमेल्यांनी लागते.

बेळगाव शहर, हुक्केरीचा पश्चिम भाग आणि खानापूरकडे तांबडी माती. पाणी पटकन मुरतं ही चांगली गोष्ट, पण ती आंबट असते, आणि पाथरी चुनखडीच्या रानात खुलणारी आहे. दहा-बारा किलो मावणाऱ्या घमेल्याला मूठभर चाळलेली लाकडाची राख किंवा दोन चमचे शेतीचा चुना पेरणीआधी पंधरा दिवस मिसळा. दोन्ही एकदम नको.

नदीकाठच्या पट्ट्यात, कृष्णा-दूधगंगेच्या बाजूला, उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली रानं आहेत. मोठी पाथरी थोडा खारेपणा सोसते, कोवळं रोप सोसत नाही. अशा जागी कुंडी बरी. निदान पहिले वीस दिवस तरी बोअरचं मचूळ पाणी टाळून साठवलेलं गोडं पाणी द्या.

वाफा एक मीटर रुंद, तीन मीटर लांब आणि जमिनीपासून वीतभर उंच. खानापूरला एवढ्यावर भागत नाही, तिथे दीड वीत करा. तीन चौरस मीटरच्या या वाफ्याला पूर्ण कुजलेलं शेणखत एकच घमेलं. कच्चं शेण टाकलं की हुमणी आणि मर दोन्ही येतात. युरिया, डीएपी काही नको.

कुंडी घ्यायची तर खोली बघा, तोंडाची रुंदी नाही. पाथरीचं मूळ सरळ खाली जातं, त्यामुळे किमान बारा इंच खोल कुंडी किंवा ग्रो बॅग लागते. सहा इंची कुंडीत रोप उगवतं, दोन महिने तग धरतं आणि मग पानं वितीवरून बोटावर येतात. मिश्रण: दोन भाग बागेतली माती, एक भाग धुतलेली जाड वाळू, अर्धा भाग शेणखत. बांधकामाची दगडी क्रश वाळू वापरायची असेल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, तिच्यातली पूड छिद्रं बुजवते. कोकोपीट टाळा, ते ओल धरून ठेवतं आणि नेमकी तीच ओल पाथरीच्या मानेशी कूज आणते. तळाची भोकं खापराच्या तुकड्याने झाकायची, बुजवायची नाहीत.

पेरणी कधी आणि कशी

परतीचा पाऊस संपून रात्री गार व्हायला लागल्या की पेरायचं. बेळगाव, हुक्केरी, खानापूर भागात स्वाती नक्षत्र, म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरची सुरुवात. अथणी-रायबागला आठ-दहा दिवस उशिरा, कारण तिथे ऑक्टोबरची दुपार अजून तापलेली असते. लेट्यूसच्या शाखेतल्या बारीक बियांना तापलेली जमीन मानवत नाही. माती तीस अंशांच्या वर गेली की उगवण मंदावते. हस्ताच्या पावसावर घाई करून पेरलं, तर एकतर बी वाहून जातं नाही तर पडून राहतं. नोव्हेंबर संपल्यावर पेरलेली पाथरी उगवते खरी, पण अंग धरायच्या आत फेब्रुवारीचं ऊन लागून फुलावर जाते.

आदल्या दिवशी वाफा भरपूर भिजवा. दुसऱ्या दिवशी वाफसा आला, म्हणजे मुठीत माती दाबल्यावर गोळा होतो पण बोटाने टोचल्यावर फुटतो, की पेरा. तीन चौरस मीटरला चहाचा सपाट चमचाभर भरीव बी चार ओंजळी कोरड्या वाळूत कालवा. निम्मं उभं आणि निम्मं आडवं असं दोनदा विस्कटा, म्हणजे सगळीकडे सारखं पडतं. वरून माती ओढू नका. तळहाताने किंवा फळीने नुसतं दाबून बी जमिनीला चिकटवा आणि त्यावर वाळू-शेणखताची अगदी विरळ चिमूट, बी अर्धवट दिसेल इतकीच. खोल गेलेलं बी वर येत नाही.

मग जुन्या सुती साडीचा एकेरी पदर वाफ्यावर पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा. गोणपाट घालू नका: खाली अंधार होतो आणि उचलताना कोंब त्यालाच चिकटून येतात. साडीवरून बारीक झारीने सकाळ-संध्याकाळ पाणी. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी पदर उचलून बघा. हिरवे ठिपके दिसले की त्याच संध्याकाळी पदर कायमचा काढा. थंडीप्रमाणे पाच ते बारा दिवस लागतात. पंधरा दिवसांत काहीच दिसलं नाही तर वाट बघत बसू नका, वरचा थर हलकासा खरवडून दुसऱ्यांदा पेरा.

मुंग्यांकडे मात्र लक्ष ठेवा. कोरड्या वाळूत मिसळलेलं बी त्या रांगा लावून उचलून नेतात आणि दोष उगवणीवर येतो. पेरणीच्या दिवशी वाफ्याभोवती राखेची जाड रेघ ओढा आणि ती भिजली की पुन्हा ओढा.

ट्रेमध्ये रोपं करून लावण्याचा मोह होतो. करायचं असेल तर तिसरं खरं पान येण्याआधी हलवा. त्यानंतर सोटमूळ ट्रेच्या तळाला वळलेलं असतं, आणि तसं वाकडं मूळ लावलं की रोप वर्षभर बुटकं राहतं.

पाणी, विरळणी आणि उपास

रोपांना चार पानं आली की पहिली विरळणी, बोटभर अंतरावर. उपटलेली रोपं फेकू नका, मुळासकट धुऊन कांद्याबरोबर खा. त्यांना कडूपणा जवळजवळ नसतो. तीन आठवड्यांनी दुसरी विरळणी, मग दोन रोपांत वीतभर जागा. बारा इंची कुंडीत तीनच रोपं. चौथं ठेवलं की चारही लहान राहतात, हे सांगूनही कोणी ऐकत नाही.

पाणी पहिले वीस दिवस रोज थोडं. पुढे रीत बदला: काळ्या मातीत आठवड्यातून एकदा, तांबड्या मातीत दोनदा, कुंडीत बोटाची दोन पेरं कोरडी लागली की. पाणी सकाळीच द्यायचं, आणि झारीने पानांवर नाही, बुडाशी. संध्याकाळी पानं ओली राहिली की रात्रीच्या गारव्यात कुजीला आमंत्रण. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावू नका. संध्याकाळी उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. सकाळीही मलूल असतील तरच द्या.

काळ्या रानात जानेवारीत भेगा पडतात आणि त्या सोटमूळ तोडतात. दोन ओळींमध्ये शाळवाचा किंवा हरभऱ्याचा भुसा दोन बोटं जाड पसरला की भेगा आवरतात. बुडाला चिकटवू नका, चार बोटं जागा मोकळी ठेवा.

खताचं गणित सोपं: पेरणीच्या वेळचं घमेलं हेच वर्षाचं खत. प्रत्येक कापणीनंतर फार तर दहा पट पाण्यातलं जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवण) एक तांब्या. युरिया दिलेली पाथरी आठवड्यात लुसलुशीत, गडद हिरवी, मोठ्या पानांची होते. बघणारा खूश होतो. पण चव पाणचट होते आणि त्या मऊ पानांवर मावा हमखास बसतो. फिकट हिरवी, जरा राठ, लहान पानाची रोपं दिसली तर काही चुकलंय असं समजू नका, रानातली पाथरी तशीच असते.

ऊन पूर्ण हवं. पूर्व-पश्चिम गच्ची असेल तर उत्तरेच्या कठड्याला कुंड्या. चार तासांपेक्षा कमी ऊन मिळालं की पानं लांबट आणि उभी होतात, गोल घेर धरत नाहीत.

कापणी आणि कडूपणा

बियांवरची पाथरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पहिल्या कापणीला येते, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पुढे, वेळ अमावस्येच्या आगेमागे. दोन पद्धती आहेत. घरापुरतं हवं तर बाहेरची चार-पाच पानं खुडा आणि मधला कोंब सोडा. पेंडी बांधायची असेल तर विळ्याने मानेच्या दोन बोटं वरून कापा. मान कापली गेली तर रोप मुळावरून फुटतं खरं, पण महिना घालवतं. दोन कापण्यांत पंधरा ते वीस दिवस. फेब्रुवारीअखेरपर्यंत तीन-चार कापण्या निघतात.

कडू का लागते, हा प्रश्न सगळेच विचारतात. पाथरी थोडी कडू असणारच, तो कडूपणा चिकातच असतो. पण तोंड वाकडं होईल इतकी कडू लागली तर कारणं ठरलेली: फुलाचा दांडा वर आलेला आहे, पाण्याचा मोठा ताण पडलाय, दुपारी तोडली आहे, किंवा मार्च लागलाय. दांडा दिसला की तो बुडातूनच खुडा, दोन-तीन रोपं बियांसाठी सोडून. तोडणी सकाळी आठच्या आत. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी एक युक्ती करावी: रोपावर उलटं घमेलं किंवा रिकामी कुंडी पाच-सहा दिवस झाकून ठेवायची, भोक बंद करून. आतली पानं पिवळसर, कोवळी आणि सौम्य होतात. रोज संध्याकाळी उचलून गोगलगाय बसली नाही ना ते बघायचं. एका रोपावर हंगामात हा प्रयोग एकदाच, नाही तर ते दमतं.

तोडल्यावर देठाच्या टोकाला चीक येतो. पेंडी लगेच पाण्यात दहा मिनिटं उभी ठेवली की चीक धुऊन जातो आणि कापलेली टोकं काळी पडत नाहीत. मग मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं, आणि शेवटी दोनदा स्वच्छ पाण्याने, पानाच्या खालची बाजू वर करून. माती तिथेच अडकते. ओल्या सुती कापडात संध्याकाळपर्यंत ताजी राहते. फ्रिजमध्ये ठेवायची तर कोरडी करून कागदात, दोन दिवस. राठ झालेली पानं टाकू नका, चिरून लसूण-मिरचीच्या फोडणीत मूगडाळीबरोबर परता, शिजल्यावर कडूपणा बराच उतरतो.

रानातून आणत असाल तर जागा निवडून आणा. तणनाशक मारलेला ऊस आणि शाळू, तंबाखूचं रान, अथणीकडच्या द्राक्षबागांच्या ओळी, गटाराच्या पाण्यावरचे मळे, मोठ्या रस्त्याची कड, या जागा सोडाच. पान वाकडंतिकडं पिळवटलेलं किंवा पांढरे चट्टे पडलेलं दिसलं तर फवारणीचा वारा लागलेला असू शकतो.

काय बिघडतं

रोपं उगवून आठ-दहा दिवसांत मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात ती मर. दाट पेरणी आणि संध्याकाळचं पाणी ही मूळ कारणं. पडलेल्या रोपांभोवतीची मूठभर माती काढून टाका, तीन दिवस पाणी तोडा, मधे मधे विरळ करा. दर वर्षी होत असेल तर पेरणीआधीच्या शेणखतात दोन चमचे ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी मित्रबुरशी) मिसळून आठवडाभर ओलसर सावलीत ठेवा आणि मग वापरा.

पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी. औषध मारायची गरज नाही. रेघेच्या टोकाला अळी असते, ते पान खुडून जाळा. मावा आला तर पाण्याचा जोराचा फवारा दोन दिवस. तरीही राहिला तर पन्नास ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा, आणि पुढचे सात दिवस तोडणी बंद. कच्ची खायची भाजी आहे, बाजारातलं कुठलंही कीटकनाशक तिच्यावर घालू नका. भुरी, म्हणजे पानावर पांढऱ्या पुडीसारखा रोग, जानेवारीअखेर दिसते. सगळी पानं एकदम कापून टाका, नवी फूट बहुधा स्वच्छ येते.

एक बिघाड आपल्यामुळे दुसऱ्याचा होतो. बोंडं वाफ्यावर उकलू दिली तर म्हाताऱ्या वाऱ्याने शेजारच्या हरभऱ्यात जाऊन बसतात, आणि पुढच्या वर्षी त्याची भांगलण वाढते. बियांच्या रोपांवर मलमलीची पिशवी बांधा, बाकीचे दांडे खुडत राहा.

उन्हाळा आणि पावसाळा

मार्चच्या मध्यापर्यंत पानं राठ होतात. तेव्हा सगळा पाला बुडातून कापा आणि म्हशीला घाला, त्या आवडीने खातात. वाफ्याला पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरतं. कुंड्या भिंतीच्या पूर्वेला, जिथे दुपारनंतर सावली येते तिथे हलवा आणि आठवड्याला एक तांब्या द्या. वर काही दिसलं नाही तरी मूळ जिवंत असतं.

वळवाचा पाऊस झाला की फूट येते आणि ती कोवळी, खाण्याजोगी असते. खरी कसोटी त्यानंतर. अथणी-कागवाडच्या कमी पावसात उंच वाफ्यावरची रोपं निभावून जातात. बेळगाव आणि खानापूरला जुलैच्या झडीत मान कुजते. तिथे कुंड्या पत्र्याच्या वळचणीखाली पण उजेडात घ्या. वाफा असेल तर जूनमध्येच सात-आठ बुडखे काढून, मुळाचे तुकडे करून, कोरड्या वाळूच्या कुंडीत आडोशाला ठेवा आणि दहा दिवसांतून एकदा वाळू जेमतेम ओली करा. वाफा कुजला तरी ऑक्टोबरला लावायला माल हाताशी राहतो.

दुसऱ्या हंगामानंतर बुडखा लाकडी होतो, मधून पोकळ पडतो आणि पानं बारीक येतात. तो उपटून कडेच्या कोवळ्या मुळांचे तुकडे लावा, आणि त्या जागी एक वर्ष पाथरी न घेता मेथी किंवा हरभरा घ्या.